सतरा अंश आणि आमचा युवराज

…नाही, नाही, चहा मलाही दिला, दिला नाही असं कुठे म्हणतोय मी? पण त्याला काचेच्या ग्लासात आणि मला कागदी कपात, आता याला तुम्ही काय म्हणाल? तोच चहा, तीच किटली, तोच चहावाला, माझ्या लग्नात पोटभर जेवून गेलेला माणूस, तो माझ्या टेबलावरून सरळ पुढे जातो, युवराजच्या समोर ग्लास ठेवतो आणि विचारतो, "साहेब, साखर बरोबर ना?" साहेब! अहो, पंचविशीतलं पोरगं ते, मिशी अजून नीट ठरलेली नाही, आणि साहेब! मला काय म्हणतो माहितीये? "सरका जरा, सांडेल."

आता मी जळत नाही हां. जन्म जळगावचा म्हणून माणसाने जळतच राहायचं असा काही कायदा नाही. नुसतं सांगतो.

आणि जळणार तरी कसा? आईवडिलांनी नाव ठेवलं प्रशील! प्रशील म्हणजे ज्याचं शील उत्तम तो. विहारात नाव घेतलं की म्हातारी माणसं कौतुकाने मान डोलावतात. असं नाव असलं की माणसाला साधा हेवासुद्धा मोकळेपणाने करता येत नाही हो! मनात जरा काही आलं की नावच आतून खाकरतं. आणि त्याचं नाव काय? युवराज. म्हणजे त्याने बसायचं आणि बाकीच्यांनी ग्लास आणून द्यायचे, हे बारशालाच ठरलेलं.

तर ऑफिस आमचं धुळ्यात, देवपुरात. काम काय, तर केळी पिकवायची जी चेंबरं असतात ना, मोठमोठ्या थंड खोल्या, हिरवी केळी आत जातात आणि पिवळी होऊन बाहेर येतात, त्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. आम्ही म्हणजे मी. भिंतीवरच्या त्या डब्यात जे काही चालतं ते सगळं मी लिहिलंय, एकट्याने, सी नावाच्या भाषेत. जुनी भाषा, पण बाईमाणूस कशी शिस्तीची असते तशी शिस्तीची. तिच्यात डबे ठरलेले. हा डाळीचा डबा म्हटलं की त्यात डाळच. साखर ओतायला गेलात की झाकणच लागत नाही. पूर्णांकाचा डबा म्हटलं की त्यात पूर्णांकच. आणि आमचं ते भिंतीवरचं यंत्र साधं, त्याला अपूर्णांक झेपायचे नाहीत, म्हणून मी काय केलं, साडेसोळा अंश पाहिजेत तर त्याला सांगायचं एकशे पासष्ट. दहाने गुणायचं आणि पाठवायचं. सतरा पाहिजेत, एकशे सत्तर. संपला विषय. वर्षानुवर्षं रावेरपासून शिरपूरपर्यंत केळी पिकली त्यावर! कोणी टाळ्या वाजवल्या? केळं खाताना कोणी म्हणालं, "वा, काय पूर्णांक आहे"?

मग आला युवराज. पुण्याहून परत आला, का, तर म्हणे गावाची ओढ. ओढ! मीही गावातच आहे, मला कधी कोणी म्हणालं नाही की तुला गावाची ओढ आहे म्हणून. न गेलेल्याची ओढ मोजत नाहीत हो लोक, परत आलेल्याचीच मोजतात.

त्याची भाषा पायथन. तिच्यात डब्यावर नावच नसतं. डाळ टाकली की डाळीचा डबा, तीच काढून साखर टाकली की साखरेचा. सतरा लिहिलं की ती समजते पूर्णांक, सतरा पॉइंट पाच लिहिलं की समजते अपूर्णांक, कोणी काही सांगायला नको. आमचे मालक भटूभाऊ हे ऐकून असे भारावले, असे भारावले की चष्मा काढून पुसायला लागले. "प्रशील, पाहिलं का? आपोआप समजतं!" मी म्हटलं, "भाऊ, आपोआप समजणाऱ्याचीच मला भीती वाटते." तर म्हणाले, "तू ना, नवीन काही दिसलं की तोंड वाकडं करतोस."

पाहिलंत? म्हणजे तोंड माझं, आणि ते वाकडं आहे की सरळ हे ठरवणार ते.

तर युवराजने मोबाइलवरून तापमान बदलायची सोय केली. घरी बसून बोटाने टाइप करा, चेंबरात थंडी बदलेल. आता मोबाइल बोलणार त्याच्या भाषेत, साडेसोळा म्हणजे सोळा पॉइंट पाच. आणि भिंतीवरचा डबा ऐकणार माझ्या भाषेत, एकशे पासष्ट. मध्ये दुभाषा पाहिजे. शिवाय गिऱ्हाइकांकडे माझे जुने काळ्या बटणांचे पॅनल आहेत, त्यांच्याकडून आकडा येणार तो आधीच दहाने गुणलेला, एकशे पासष्ट असाच. ते काही फेकून देता येत नाहीत. म्हणजे नवा नळ बसवायचा, पण त्याचे आटे जुन्या पाइपाला बसले पाहिजेत. याला ते म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. नाव इंग्रजी आहे म्हणून भटूभाऊंना वाटलं युवराजने शोधून काढलं. अहो, माझा चुलता आयुष्यभर तेच करत होता, नवे पंप जुन्या विहिरींना बसवत होता, त्याला कोणी लॅपटॉप दिला नाही!

आणि काय सांगू तुम्हाला, त्या पोराने दुभाषा लिहिला तोही देखणा. नियम एकच. आकड्यात दशांशाचा ठिपका आहे? मग तो मोबाइलवरून आलाय, दहाने गुणा. ठिपका नाही? मग तो जुन्या पॅनलचा आहे, आधीच गुणलेला आहे, जसाच्या तसा पुढे पाठवा. बस्स. मी ते घरी नेलं, उलटं वाचलं, सुलटं वाचलं, जेवताना वाचलं. शिल्पा, म्हणजे माझी बायको, ती म्हणाली, "अहो, आमटी गार होतेय, एवढं काय शोधताय?" मी म्हटलं, "चूक." ती म्हणाली, "सापडली?" मी म्हटलं, "नाही." तर म्हणते, "मग हुशार आहे पोरगा! एकदा जेवायला बोलवा ना." जेवायला! मी चूक शोधतोय आणि ही त्याला जेवायला बोलावतेय!

मी जळत नाही हां. पण त्या दिवशी आमटी मला तिखट लागली.

बरं, बोलावला. आला. चप्पल दारात नीट जोडून ठेवली. शिल्पाला "वहिनी" म्हणाला, ताट स्वतः उचललं, वर तांब्या विसळून जागेवर ठेवला. अहो, तांब्या! मी त्या घरात इतकी वर्षं राहतो, मला आजवर त्या तांब्याची जागा माहीत नाही. तो गेल्यावर शिल्पा दारात उभी राहून म्हणाली, "किती साधा मुलगा." आणि मग माझ्याकडे जे पाहिलं ना तिने… त्यात सगळं आलं.

आणि मग झालं नरडाण्याचं.

नरडाण्याला औद्योगिक वसाहतीत केसरअक्काचं केळी पिकवायचं केंद्र आहे. केसरअक्का म्हणजे नात्याने माझ्या आईची मावसबहीण. नवरा लवकर गेला, पण बाई डगमगली नाही. आधी डोक्यावर पाटी घेऊन केळी विकली, मग हातगाडी केली, मग गाळा घेतला, आणि आता चेंबरं. तिचं पहिलं चेंबर बसलं तेव्हा डबा भिंतीवर ठोकायला मी स्वतः शिडीवर चढलो होतो. अक्का सगळ्या नरडाण्याला सांगायची, "हाऊ मन्हा भाचा शे, यानी बनाडेल मशीन शे." मन्हा भाचा! तेवढी एक जागा होती हो माझी या जगात. धुळ्यात कागदी कप असेल, पण नरडाण्यात मी भाचा होतो.

श्रावणाचे दिवस. सोमवार जवळ आलेला, उपासाला केळी लागतात, शिरपूरच्या बाजारात, धुळ्याच्या बाजारात व्यापारी वाट बघत बसलेले. आणि सकाळी ऑफिसात फोन. मी उचलला. अक्का.

"प्रशील! आरे भो, हाई काय व्हयनं? चेंबर बरफना गत थंडं व्हई गयं! केळं काया पडी राहिनात! बठ्ठा माल जाई मन्हा!"

आता खरं सांगतो तुम्हाला, खोटं कशाला बोलू. पहिल्यांदा काळजात धस्स झालं. आपली अक्का, तिचा सगळा माल. केळ्याला थंडी सोसत नाही हो, फार गार झालं की साल काळवंडते आणि मग ते पिकत म्हणून नाही. पण धस्स झाल्यानंतर, अगदी पाठोपाठ, काय झालं माहितीये? गुदगुल्या! चेंबर कशाने गार झालं? मोबाइलने. मोबाइल कोणाचा? दुभाषा कोणाचा? साहेबांचा! मी फोन ठेवला आणि चेहरा एवढा गंभीर केला, एवढा गंभीर केला की भटूभाऊ म्हणाले, "कोणी गेलं का?"

मी म्हटलं, "भाऊ, युवराजच्या दुभाष्याने अक्काचं चेंबर गोठवलं."

युवराज उठून उभाच राहिला. तोंड पांढरं. म्हणाला, "दादा, चला, मी येतो." मी मनात म्हटलं, तू येच! तुझ्याशिवाय मजा नाही.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून दुभाष्याचं मोबाइलशी नातं तोडायचं होतं, तेवढं युवराजने ऑफिसातूनच केलं. मग अक्काला फोन करून सांगितलं, "मावशी, दारं उघडी टाका, मशीन बंद करा, आम्ही पोचतो." मावशी! ओळख ना देख, मावशी! आणि निघालो गाडीने. गाडी भटूभाऊंची. पुढच्या सीटवर कोण? युवराज. मागे मी आणि स्टेपनी.

सगळ्या रस्त्याने मी चित्र रंगवत होतो. अक्काचं तोंड तुम्हाला माहीत नाही. एकदा तिने ट्रान्सपोर्टवाल्याला असं झापलं होतं की त्याने ट्रक तिथेच सोडला आणि स्वतः बसने गेला. म्हटलं आता हा पुण्याचा लॅपटॉप तिच्या तावडीत सापडणार, मी बाजूला उभा राहणार, आणि अगदी शेवटी, पुरेसं झालं की मग, मोठ्या मनाने म्हणणार, "जाऊ दे अक्का, लहान आहे." काय वाक्य होतं! सोनगीरचा किल्ला येईपर्यंत मी ते पाच-सहा तऱ्हांनी म्हणून बघितलं, मनातल्या मनात. खाली बघून. लांब बघून. खांद्यावर हात ठेवून.

आणि हा काय करतोय पुढे? मांडीवर लॅपटॉप, आणि एकदम मागे वळून म्हणतो, "दादा, सापडलं. कोणीतरी सतरा पॉइंट शून्य न लिहिता नुसतं सतरा लिहिलं. ठिपका नाही, म्हणून दुभाष्याला वाटलं हा जुन्या पॅनलचा आकडा आहे. त्याने सतरा तसंच पुढे पाठवलं. आणि तुमचा डबा दहाने भागतो, म्हणजे त्याने वाचलं एक पॉइंट सात. पावणेदोन अंश, दादा! चूक माझीच आहे. तुम्हाला आधीच नीट दाखवायला हवं होतं."

आता सांगा! मी पकडायच्या आधी यानेच पकडली. मी बोलायच्या आधी यानेच कबूल केली. माणसाने हेवा करायचा तर कुठून धरायचं याला? कुठेही हात लावा, गुळगुळीत!

आणि साधी गोष्ट आहे हो, सतरा कोण ठिपका देऊन लिहितं? तुम्ही लिहिता? भाजीवाल्याकडे जाऊन "एक पॉइंट शून्य किलो वांगी द्या" म्हणता? माणूस सतरा म्हणजे सतराच लिहिणार. हे मला घरी आमटी खाताना का सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

नरडाण्याला पोचलो. अक्का दारातच. पदर खोचलेला. पुढच्या रांगेतले क्रेट बाहेर काढून ठेवलेले, केळ्यांची साल राखेसारखी झालेली. मी मुद्दाम दोन पावलं मागे राहिलो, युवराजला पुढे केलं. म्हटलं, होऊन जाऊ दे.

अक्काने युवराजकडे पाहिलं. मग त्याच्या बाजूने वाकून, त्याला जरासं हाताने सरकवून, मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"प्रशील! तू शे ना रे मन्हा भाचा? तू व्हता म्हनीसन मी निवांत व्हती ना! तुन्हा डोया फुटनात का? हाई नवीन पोऱ्याले काय समजी? त्याले तू सांगाले नको?"

मला! अहो, मला! मी म्हटलं, "अक्का, हे मी नाही, हे याने…" तर म्हणे, "गप बस! लहान पोऱ्यावर ढकलस? लाज शे का?" आणि युवराज मध्ये पडतो, "मावशी, खरंच चूक माझी आहे, दादांची काही नाही." झालं! अक्काचे डोळे पाणावले. "देख! देख रे प्रशील! कसा सोताना आंगवर लेस! शिक काही!"

म्हणजे चूक त्याची, शिव्या मला, आणि कबूल केली म्हणून मोठेपणाही त्याला. मी जळत नाही हां, पण हा हिशोब कुठल्या भाषेत बसतो, सांगा.

अक्काची मुलगी प्रज्ञा तिथेच होती. शेतीशास्त्र शिकलेली, चेंबरांचं सगळं तीच बघते. ती क्रेट तपासत होती, आतल्या फण्या हातात घेऊन साल दाबून बघत होती. म्हणाली, "पुढचा माल गेला, पण मागचा वाचेल असं वाटतं. आता सावकाश ऊब द्यायला पाहिजे. सतरा मीच टाकलं होतं काल. मला काय माहीत ठिपका द्यायचा असतो?"

युवराज म्हणाला, "तुम्हाला माहीत असायची गरजच नाही. प्रोग्रॅमला माहीत पाहिजे."

काय बोलला बघा! मी इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, "नीट वाचून बटण दाबत जा." आणि हा म्हणतो तुम्हाला माहीत असायची गरज नाही. प्रज्ञाने फणी खाली ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही. मी डब्याकडे बघत होतो.

मग आम्ही बसलो तिथेच, क्रेट उलटे घालून. प्रश्न असा, की मोबाइलवरून सतरा आलं तर ते सतरा अंश, आणि जुन्या पॅनलवरून एकशे सत्तर आलं तर तेही सतरा अंश. दोन्ही पूर्णांक. दोघांना ठिपका नाही. ओळखायचं कसं? पॅनल बदलता येत नाहीत, रावेरपासून इथपर्यंत भिंतीभिंतीवर आहेत. युवराज केस ओढतोय, अक्का आत जेवणासाठी चूल पेटवतेय, मागच्या मालाला ऊब द्यायची तर डबा चालू पाहिजे, आणि डबा चालू करायचा तर आकड्यावर भरवसा पाहिजे. उशीर झाला तर मागचाही माल हातचा जाणार. आणि मी आधीच तापलेला, मी चिडून म्हणालो, नुसता चिडून बोललो हो, "अरे, त्यात ओळखायचं काय आहे? एकशे सत्तर अंशावर केळी कोण पिकवतं? वेफर होतील त्यांचे! शंभराच्या खाली असेल तर खरा अंश, वर असेल तर गुणलेला!"

युवराज उडालाच. "दादा! हेच! दहाच्या खाली तर कोणी नेतच नाही, म्हणजे गुणलेला आकडा शंभराच्या खाली येणारच नाही! काय सुचलं तुम्हाला!"

आणि लागला लिहायला. खटखट, खटखट. डबा सुरू केला, नुसतं सतरा टाकून पाहिलं, पडद्यावर सतरा. पॅनलवरून एकशे सत्तर, पडद्यावर सतरा. प्रज्ञाने टाळी वाजवली. अक्का आतून पळत आली, "व्हयनं?" युवराज म्हणाला, "मावशी, हे सगळं दादांनी सुचवलं, मी फक्त टाइप केलं."

आता तरी? आता तरी म्हणेल ना, "वा रे मन्हा भाचा"? मी मानसुद्धा जराशी खाली घातली, हार घालताना घालतात तशी.

अक्का त्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "कितला नम्र पोऱ्या शे! बठ्ठं सोता करीसन नाव दुसराले देस!"

…मी मान वर केली. मी सांगितलं असतं तर अक्का म्हणाली असती, आता श्रेयही घेतोस का!

मग जेवायला वाढलं. शेवभाजी, भाकरी, कांदा. त्याच्या ताटात शेव वरून परत, परत. "खाई ले भो, दमी गया व्हशी." माझ्या ताटात रस्सा. नुसता लाल रस्सा, त्यात दोन-चार शेवा वाट चुकलेल्या माणसांसारख्या फिरत होत्या. आणि जेवता जेवता अक्काची चौकशी सुरू. गाव कोणतं? शिरपूरकडचं? आई काय करते? भाऊ किती? अजून लग्न नाही? आणि प्रज्ञा पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर हा उठला, तिच्या हातातून तांब्या घेतला, सगळ्यांना पाणी वाढलं आणि तांब्या विसळून ठेवला! तांब्या! मला ठसका लागला. कोणीही पाठीवर थापटलं नाही.

मागचा माल वाचला बरं का. सोमवारी शिरपूरच्या बाजारात पोचला, पिवळाधमक. तेवढं बरं वाटलं मला, खरोखरच बरं वाटलं. अक्काच आहे ती माझी, काही झालं तरी.

पण ऑफिसात परत आलो तर भटूभाऊंनी सगळ्यांना गोळा केलेलं. युवराज उभा राहून सांगतो, "खरं तर कल्पना प्रशीलदादांची." भटूभाऊ टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, "याला म्हणतात संस्कार!" कल्पना माझी, संस्कार त्याचे. घरी शिल्पाला सांगितलं, अगदी पहिल्यापासून, तांब्यासकट. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "बघा ना, किती साधा मुलगा." मी म्हटलं, "मी काय सांगतोय, तू काय ऐकतेयस?" तर म्हणे, "तुम्ही जळू नका हो." मी जळत नाही! किती वेळा सांगू? लिहून देऊ का कपाळावर?

आणि त्यानंतर हा दर थोड्या दिवसांनी नरडाण्याला. "दादा, डबा कसा चालतोय बघून येतो." डबा! मी त्या डब्याचा बाप आहे, मला माहितीये तो किती वेळा बिघडतो. एवढ्या वेळा नाही बिघडत.

थंडीत लग्न लागलं. विहारात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, त्रिशरण, पंचशील, सगळं कसं शांत, देखणं. भाऊ म्हणून मी प्रज्ञाच्या बाजूने उभा. मुलीचा भाऊ म्हणजे केवढा मान, म्हटलं आज तरी. भंतेजींनी वधूवरांना उपदेश केला, एकमेकांचा आदर करा, कोणाचा मत्सर करू नका. आणि हे शेवटचं म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडे का पाहिलं असेल, हे मला अजून कळलेलं नाही. जेवणाच्या पंगतीत शिल्पा त्याच्या आईशेजारी. मी वाढायला. अक्का मला हळूच म्हणाली, "प्रशील, तूच आनलं ना रे त्याले मन्हा दारशी. तुन्हा उपकार." आणि रडली. मग मीही जरा… म्हणजे धूर होता तिथे, चुलीचा.

म्हटलं, संपलं. आता हा जावई झाला, नोकरी सोडून नरडाण्याचं केंद्र सांभाळणार, इकडे ऑफिसात चहाचा ग्लास मोकळा झाला. भटूभाऊंनी त्याचा दुभाषाही माझ्याकडे दिला. "प्रशील, आता जुनं तुझं, नवंही तुझं." पहिल्या दिवशी चहावाला आला, मी हात पुढे केला. त्याने कागदी कप दिला आणि म्हणाला, "युवराज साहेब गेल्यापासून कोणी ग्लासात घेतच नाही, म्हणून ग्लास आणायचेच बंद केले."

आणि तुम्हाला वाटतंय इथे सुटलो? महिनाभराने नरडाण्याहून फोन. त्यांनी चेंबरात हवेचा ओलावा मोजायचं यंत्र बसवलंय, तेही त्याच दुभाष्यातून जोडलंय. ओलावा नव्वद टक्के. नव्वद! शंभराच्या खाली! दुभाषा म्हणाला, शंभराच्या खाली काय, मग गुणा दहाने. ओलाव्याला पुढे दहाने भागणारं कोणी नाही, म्हणून पडद्यावर दिसतंय, ओलावा नऊशे टक्के. नऊशे! अहो, नऊशे टक्के ओलाव्यात केळी नाही पिकत, मासे पोहतात! यंत्राला काही होत नव्हतं, नुसतं दिसायचं तसं, पण चूक ती चूक. मी म्हटलं, आत्ता दुरुस्त करतो. उत्साहाने म्हटलं. या दिवसाची मी किती वाट पाहिली होती!

तर युवराज फोनवर, एकदम नम्र, "दादा, नका बदलू. इथल्या माणसांना सवय झालीये. नऊशे दिसलं की त्यांना कळतं सगळं ठीक आहे. नव्वद दिसलं तर घाबरून मशीन बंद करतील."

मी म्हटलं, "अरे, पण चूक आहे ती!" तर फोन अक्काने घेतला. "प्रशील, मन्हा जवाईनी पद्धत शे ती. हात लावू नको." मी भटूभाऊंकडे गेलो. म्हटलं, भाऊ, तुम्ही तरी सांगा, नऊशे टक्के म्हणजे काय? त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "हे बघ प्रशील. गिऱ्हाईक आहे, वर जावई आहे. जावयाची चूक नसते रे, तो मान असतो. आणि मान कोणी दुरुस्त करतं का?"

तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढायची म्हटली की मी आधी ते नऊशे जपतो. चुकून बरोबर उत्तर येऊ नये म्हणून त्याच्यासाठी खास वेगळ्या ओळी लिहितो, तपासून बघतो, नऊशेच येतंय ना, नव्वद नाही ना झालं. लोकांचे जावई सणाला येतात हो, मान घेतात आणि आपल्या घरी परत जातात. आमचा आवृत्तीमागून आवृत्तीत मुक्कामाला आहे.